मनोरा ज्याच्या नावाने ओळखतात तो संत ऑगस्टीन : जीवन आणि वारसा

जुने गोवे येथे बॉम जेझूस बासिलिकेच्या पश्चिमेला जी टेकडी आहे, तिला पोर्तुगीज लोक ‘मोन्ते सान्तो’ म्हणत, म्हणजे पवित्र टेकडी. तिच्यावर जांभ्या दगडाचा एक मनोरा अर्धा पडलेल्या अवस्थेत उभा आहे. मूळ उंची सुमारे ४६ मीटर. गोव्याच्या पर्यटनाच्या पुस्तिकांत, कॅलेंडरांवर, लग्नाआधीच्या फोटोंत हा मनोरा हमखास असतो. ‘सेंट ऑगस्टीनचा मनोरा’ हे नाव सर्वांना पाठ आहे. पण ऑगस्टीन कोण, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘असेल कोणी पोर्तुगीज पाद्री.’

हे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. ऑगस्टीन पोर्तुगीज नव्हता आणि गोव्यात कधी आलाही नव्हता. तो उत्तर आफ्रिकेचा. त्याच्या नावाचे संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा त्याला जाऊन ११४२ वर्षे झाली होती. मी पेशाने स्थापत्य अभियंता. इतिहास शिकलो तो नोकरी सांभाळून, स्वतःच. इमारत पाहताना आधी पाया पाहायचा, ही पेशाची सवय इतिहासातही सुटत नाही. म्हणून या लेखात मनोऱ्यापासून सुरुवात करून त्याच्या पायाशी, म्हणजे ज्या माणसाचे नाव त्याला चिकटले त्याच्यापर्यंत, जायचे आहे.

टेकडीवरचे दोन मठ

पहिली गोष्ट ही की, पडलेले चर्च ऑगस्टीनला अर्पण केलेले नव्हतेच. त्याचे नाव होते ‘नोस्सा सेन्होरा दा ग्रासा’, म्हणजे कृपेची माता. ते ऑगस्टिनियन संघाचे चर्च असल्याने लोकांच्या तोंडी संघाचेच नाव राहिले. १६०२ मध्ये ते बांधून पूर्ण झाले. त्या वेळी गोव्याचा आर्चबिशप होता आलेइशो द मेनेझिश, आणि तो स्वतः याच संघाचा संन्यासी होता. त्यानेच १६०६ मध्ये याच टेकडीवर, अगदी समोर, स्त्रियांसाठी एक मठ सुरू केला. ते सान्ता मोनिका कोंवेंत. इमारत १६२७ मध्ये पूर्ण झाली आणि आजही ती धडधाकट उभी आहे. ख्रिस्ती कला संग्रहालय तिथेच आहे.

ही मोनिका कोण? ऑगस्टीनची आई. म्हणजे एका टेकडीवर आई आणि मुलगा समोरासमोर. रोमन कॅथलिक पंचांगातही २७ ऑगस्टला मोनिकेचा सण आणि २८ ऑगस्टला ऑगस्टीनचा. हे ज्याला माहीत आहे त्याला ती टेकडी वेगळीच दिसते.

मुलाचे घर पडले आणि आईचे टिकले, ते का? यात चमत्कार काही नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने पुरुषांचे सगळे धर्मसंघ गोव्यातून घालवले. मठ ओस पडला. जांभा हा सच्छिद्र दगड. त्याला चुन्याचा गिलावा दर काही वर्षांनी मिळाला नाही तर आपल्या पावसाचे पाणी आत मुरते, सांध्यांतला चुना धुपतो, पिंपळ-वड मुळे घालतात. वर दगडी कमानदार छत असेल तर त्याचा आडवा रेटा भिंतींवर सतत असतोच. भिंत जराशी कलली की छत सुटते. १८४२ मध्ये, संन्यासी गेल्यावर अवघ्या सात वर्षांत, छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. मोनिकेच्या मठातल्या जोगिणींना मात्र १८३५ मध्ये बाहेर काढले नाही. नवीन जोगीण घ्यायची बंदी होती, पण होत्या त्या तिथेच राहिल्या, आणि राहत्या घराची डागडुजी होत राहते. इमारत पडायला सुरुवात होते ती शेवटचा राहणारा माणूस कुलूप लावून जातो त्या दिवसापासून.

मनोऱ्याची मोठी घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे. पणजीत राहणाऱ्यांनी तिचा आवाज ऐकलेला आहेच.

थागास्तेचा मुलगा

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या छोट्या गावी झाला. ते आज अल्जीरियात आहे, नाव सूक अहरास. तेव्हा तो सगळा मुलूख रोमन साम्राज्यात होता. वडील पात्रिसियुस हे बेताची जमीन असलेले, रोमन देव मानणारे. आई मोनिका ख्रिस्ती. तिचे नाव तिथल्या मूळच्या बर्बर समाजातले मानतात. घरात लॅटिन भाषा, पण मूळ आफ्रिकेचे. साम्राज्याची भाषा उत्तम येते, उच्चार मात्र गावाकडचा: मिलानमध्ये लोक त्याच्या आफ्रिकन उच्चारांवर बोट ठेवत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना ही अवस्था काय असते ते वेगळे सांगायला नको.

मुलगा हुशार. वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च केला, गावातल्या एका धनिकाने मदत केली आणि तो कार्थेजला शिकायला गेला. विषय वक्तृत्वशास्त्र. त्या काळी वकिली, सरकारी अधिकार, दरबार, सगळ्याची किल्ली तीच. एकोणिसाव्या वर्षी अभ्यासक्रमात लागलेले सिसेरोचे एक पुस्तक त्याने वाचले. ‘होर्तेन्सियुस’ हे त्याचे नाव. ते आज उपलब्ध नाही. ते वाचल्यावर नुसते गोड बोलून पोट भरण्यापेक्षा सत्य काय ते शोधावे, अशी ओढ लागली. त्या ओढीने त्याने आईचे बायबल उघडले. सिसेरोच्या भाषेपुढे ते त्याला गावठी वाटले आणि त्याने ते मिटून ठेवले.

याच काळात त्याने एका स्त्रीबरोबर संसार मांडला. रीतसर लग्न नव्हते, पण त्या समाजात अशी नाती उघडपणे चालत. त्यांना एक मुलगा झाला. नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. आपण ‘देवदत्त’ म्हणू.

वाईट आले कुठून?

ऑगस्टीनला आयुष्यभर छळणारा प्रश्न हा: देव चांगला आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात वाईट आले कुठून? या प्रश्नाचे एक तयार उत्तर कार्थेजमध्ये मिळत होते. मानी या तिसऱ्या शतकातल्या इराणी धर्मसंस्थापकाचा पंथ सांगत असे की, सृष्टीत मुळातच दोन सत्ता आहेत, प्रकाशाची आणि अंधाराची, आणि त्यांचे युद्ध चालू आहे. हा मानी तरुणपणी भारतातही येऊन गेला होता. त्याच्या पंथात पूर्ण व्रतस्थ साधक आणि त्यांना अन्न देणारे गृहस्थ ‘श्रोते’ अशा दोन पायऱ्या होत्या. साधक मांस खात नसत. मुनी आणि श्रावक ही जैन व्यवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे द्वैत म्हटले की मध्वाचार्य आणि पर्तगाळीचा मठ आठवतो. तो अर्थ इथे नाही. माध्व मतात ईश्वराला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही. मानीकडे तो आहे.

ऑगस्टीन नऊ वर्षे या पंथाचा श्रोता होता. तो बाहेर कसा पडला, ते माझ्यासारख्याला फार आवडते. मानीच्या ग्रंथांत सूर्य, चंद्र, ग्रहणे यांबद्दल बरेच काही सांगितले होते. ऑगस्टीनने ते ज्योतिर्विदांच्या गणिताशी ताडून पाहिले. ज्योतिर्विद ग्रहणाचा दिवस आणि वेळ आधी सांगत आणि तो बरोबर येई. मानीचे सांगणे जुळत नव्हते. पंथाचा मोठा विद्वान फाउस्तुस कार्थेजला आला तेव्हा ऑगस्टीनने त्याला विचारले. त्याने सरळ सांगितले की या गोष्टी आपल्याला येत नाहीत. ऑगस्टीनला तो माणूस आवडला, पंथ मात्र मनातून उतरला.

पुढे त्याने स्वतःचे जे उत्तर शोधले ते असे: वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, चांगल्याची झीज म्हणजे वाईट. आता बघा, भिंतीतले भोक ही काही दगडासारखी वस्तू नाही. भिंत आहे म्हणून भोक आहे. सगळी भिंत गेली तर भोकही उरत नाही. गंजाला लोखंड लागते, लोखंडाला गंज लागत नाही. (उदाहरणे माझी, विचार त्याचा.) या एका विचाराने ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला पुढची हजार वर्षे पुरतील इतके खाद्य मिळाले.

मिलान, आणि नाव नसलेली बाई

३८३ मध्ये तो रोमला गेला आणि पुढच्याच वर्षी मिलानमध्ये वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक झाला. सम्राटाचा दरबार तेव्हा मिलानला असे, म्हणजे ही मोठीच नेमणूक. तिथे बिशप अँब्रोज याची प्रवचने तो ऐकायला जाई, आधी फक्त शैलीसाठी. पण जुन्या करारातल्या कथा शब्दशः न घेता रूपकाने कशा वाचाव्यात हे त्याला तिथे कळले. त्यात प्लेटोच्या परंपरेतली पुस्तके हाती आली.

आई मिलानला आली होती. तिने मुलासाठी चांगल्या घरची मुलगी पाहिली. मुलगी इतकी लहान की लग्नाला दोन वर्षे थांबायचे होते. आणि त्या लग्नासाठी पंधराएक वर्षे बरोबर राहिलेल्या बाईला आफ्रिकेला परत पाठवले. मुलगा बापाकडे राहिला. दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. ऑगस्टीनने आपले काळीज फाटून रक्ताळले अशा अर्थाचे लिहिले आहे; पण तिचे नाव त्याने कुठेही लिहिले नाही. आईचे नाव गोव्याच्या टेकडीवरच्या मठाला मिळाले, मुलाचे नाव जगाला माहीत झाले, त्या बाईचे नाव मात्र कोणत्याही दगडावर नाही. संतचरित्र सांगताना हा भाग गाळण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. त्याने स्वतः तो गाळलेला नाही.

३८६ च्या उन्हाळ्यात मिलानच्या घराच्या बागेत मनाची ओढाताण चालली असताना शेजारून लहान मुलाचा खेळातला आवाज त्याच्या कानी पडला. पुस्तक घेऊन वाचावे असा त्या शब्दांचा अर्थ त्याने घेतला. त्याने पौलाची पत्रे उघडली, समोर आला तो मजकूर वाचला, आणि निर्णय झाला. त्याने लग्न मोडले, नोकरी सोडली. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा झाला, मुलाचाही बरोबरच. परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली. आपल्याला कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, असे ती म्हणाली होती. आफ्रिकेला परतल्यावर काही काळातच अदेओदातुसही गेला, ऐन किशोरवयात.

हिप्पोचा बिशप

ऑगस्टीनला थागास्तेत चार मित्रांसह शांतपणे वाचन-चिंतन करायचे होते. ३९१ मध्ये तो काही कामाने हिप्पो या बंदरात गेला (आजचे अन्नाबा). तिथला बिशप म्हातारा झाला होता, त्याला मदतनीस हवा होता. चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी ऑगस्टीनला ओळखले, धरून पुढे ढकलले आणि जागच्या जागी धर्मगुरू करून टाकले. तो रडला. पाचएक वर्षांत तो तिथला बिशप झाला आणि मरेपर्यंत, चौतीस-पस्तीस वर्षे, तिथेच राहिला.

बिशपचे काम म्हणजे नुसती प्रवचने नव्हेत. त्याला न्यायनिवाडा करावा लागे: जमिनीचे तंटे, वारसाहक्क, कर्जे. सकाळ त्यात जाई आणि लेखन रात्री. तरीही त्याचे जेवढे लेखन आज शिल्लक आहे तेवढे प्राचीन जगातल्या फार थोड्या लेखकांचे असेल. उतारवयात त्याने एक अजब काम केले. आपली सगळी पुस्तके क्रमाने काढून, कुठे काय चुकले, कुठे मत बदलले, याची नोंद करणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात ९३ ग्रंथांची तपासणी आहे. आमच्या क्षेत्रात काम संपल्यावर प्रत्यक्ष बांधले कसे, याचे नकाशे द्यावे लागतात; कागदावरचे आणि जागेवरचे यांतला फरक त्यात उघड होतो. हा त्यातलाच प्रकार.

त्याचा सर्वांत वाचला गेलेला ग्रंथ ‘कन्फेशन्स’ साधारण ३९७ ते ४०० या काळातला आहे. हे आत्मचरित्र आहे, पण वाचकाला उद्देशून नाही, देवाला उद्देशून. आपल्याला हा प्रकार परका नाही. तुकारामशिष्या बहिणाबाईंनी आपले आयुष्य अभंगांत सांगितले ते असेच. शेवटच्या भागांत ऑगस्टीन आठवण आणि काळ यांच्याकडे वळतो. भूतकाळ उरलेला नाही, भविष्य आलेले नाही, मग आपण मोजतो ते काय? त्याचे म्हणणे, काळाचे माप मनात आहे: आठवण, अवधान आणि अपेक्षा. भौतिकशास्त्राचे पदवीधरही या पानांवर थबकतात.

कृपा की प्रयत्न

ऑगस्टीनला कृपेचा आचार्य म्हणतात. त्याच्या काळात पेलागियुस नावाचा ब्रिटनकडचा एक तपस्वी सांगत होता की, देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी माणसाला त्या स्वतःच्या बळावर पाळता येत असल्याच पाहिजेत. ऐकायला हे अगदी रास्त आहे. ऑगस्टीनचा अनुभव उलटा होता. आपल्याला चांगले काय ते कळत होते, तरी वर्षानुवर्षे ते आपल्याच्याने होईना. म्हणून त्याचे मत की, इच्छाच जखमी आहे. आदिपुरुषाच्या पापाचा वारसा प्रत्येकाकडे आहे. देवाच्या कृपेशिवाय माणूस उठू शकत नाही.

आपल्या भक्तिपरंपरेत यासाठी दोन सुंदर शब्द आहेत: मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. पेलागियुस मर्कटाच्या बाजूचा, ऑगस्टीन मार्जाराच्या. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियुसचे मत फेटाळले. पण ऑगस्टीनने आपला मुद्दा शेवटपर्यंत ताणला. बाप्तिस्म्याआधी गेलेले तान्हे मूलही तारले जात नाही, इथपर्यंत तो पोचला. त्याचे हे टोक नंतरच्या अनेक कॅथलिकांनाही पचलेले नाही.

रोम पडले तेव्हा

४१० मध्ये अलारिकच्या गॉथ फौजांनी रोम तीन दिवस लुटले. आठशे वर्षांत असे घडले नव्हते. निर्वासित आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले आणि प्रश्न उठला: जुने देव सोडून ख्रिस्ताला धरले म्हणूनच हे झाले ना? त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे २२ भाग आहेत आणि ४१३ ते ४२६ अशी तेरा वर्षे तो चालला होता.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. जगात दोन नगरे आहेत, पण त्यांच्या वेशी नकाशावर दाखवता येत नाहीत. एक नगर स्वतःवरच्या प्रेमाने बांधलेले, दुसरे देवावरच्या. या जगात दोन्हींचे लोक एकमेकांत मिसळलेले आहेत, चर्चच्या आतसुद्धा. म्हणून कुठलेही साम्राज्य, अगदी ख्रिस्ती साम्राज्यही, देवाचे नगर नव्हे. साम्राज्ये येतात आणि जातात. त्यात न्याय नसेल तर ती मोठ्या प्रमाणावर चालणारी लूटच.

जुन्या गोव्याला पोर्तुगीज ‘पूर्वेचे रोम’ म्हणत. ते शहर रोगराईने, व्यापार उतरल्याने आणि शेवटी राजधानी हलवल्याने ओस पडले. ‘देवाचे नगर’ लिहिणाऱ्याच्या नावाचा पडका मनोरा तिथेच उभा राहावा, हा योगायोगच. पण ज्याला तो ग्रंथ माहीत आहे त्याला तिथे निराळे भाष्य ऐकावे लागत नाही.

सक्तीचा प्रश्न

आता अवघड भाग. गोव्यात बसून ऑगस्टीनवर लिहायचे तर हा टाळता येत नाही.

आफ्रिकेतले ख्रिस्ती तेव्हा दुभंगलेले होते. चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या छळात ज्या धर्मगुरूंनी पोथ्या सरकारच्या हवाली केल्या, त्यांनी दिलेली दीक्षा खरी की खोटी, या वादातून दोनातुसचा पंथ निघाला. शंभर वर्षांनीही गावोगावी दोन चर्चे, दोन बिशप. कधी डोकी फुटत. सुरुवातीला ऑगस्टीनचे मत स्पष्ट होते की, वाद करावा, पटवावे, पण जबरदस्ती करू नये. जबरदस्तीने ढोंगी ख्रिस्ती तयार होतात. पुढे सम्राटाचे कायदे आले, दंड बसू लागले आणि गावेच्या गावे कॅथलिक चर्चमध्ये परत आली. ते पाहून त्याचे मत बदलले. ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात त्याने ते कबूल केले आहे. शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात यजमान नोकरांना लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. त्याचा अर्थ त्याने सक्ती असा लावला. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनुस याने कॅथलिकांच्या बाजूने निकाल दिला आणि दोनातुसपंथीयांवर बंदी आली.

याच मार्सेलिनुसला ऑगस्टीनने पत्र लिहून विनवले की, आमच्या माणसांना मारणाऱ्यांनाही देहदंड देऊ नका, अवयव तोडू नका. तो सक्तीच्या बाजूचा होता, पण फासाच्या नाही. आणि ‘देवाचे नगर’ ज्याला अर्पण केले तो हाच मार्सेलिनुस ४१३ मध्ये बंडाच्या आरोपावरून मारला गेला. सत्तेच्या हाती काठी दिली की ती कोणाच्या पाठीवर पडेल याचा नेम नसतो, हे ऑगस्टीनला आपल्याच मित्राच्या मरणातून दिसले.

पण काठीचे समर्थन कागदावर राहिले. बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचे संकलन केले तेव्हा ऑगस्टीनचे हे उतारे त्यात आले, आणि पाखंड्यांविरुद्ध बळ वापरण्याच्या चर्चेत ते आधार म्हणून पुढे येत राहिले. त्यातली देहदंड नको ही विनवणी मात्र मागे पडली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. ते ऑगस्टीनने आणले असे म्हणणे भोळेपणाचे. त्यामागे पोर्तुगीज राजसत्तेची स्वतःची गणिते होती. पण या विचाराची वंशावळ काढायची तर त्या पत्रापाशी थांबावेच लागते.

आणखी एक साम्य आमच्या टेकडीशीच निगडित आहे. मोनिकेचा मठ बांधणारा आर्चबिशप मेनेझिश १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरला गेला आणि तिथल्या प्राचीन सुरियानी ख्रिस्ती समाजाला धर्मसभा घेऊन रोमच्या शिस्तीत आणले. त्यांचे सुरियानी ग्रंथ जाळले. दोनातुसपंथीयांप्रमाणे तेही ख्रिस्तीच होते. १६५३ मध्ये त्या समाजातल्या मोठ्या गटाने क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली आणि ते फुटून निघाले. सक्तीने जोडलेला सांधा वरून जुळलेला दिसतो, पण भार आला की तिथेच तडा जातो.

वारसा

ऑगस्टीनचा वारसा एवढाच नाही. सृष्टीच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात त्याने ख्रिस्ती लोकांना बजावले की, आकाश, तारे, ग्रहणे यांबद्दल धर्मग्रंथाच्या नावाने काहीबाही बोलू नका. जाणकार लोक हसतील आणि मग तुमचा धर्मही कोणी ऐकणार नाही. १६१५ मध्ये गॅलिलिओने आपल्या बचावात याच ग्रंथाचा आधार घेतला. कोपर्निकसचा पुरस्कार करणाऱ्याला बळ मिळाले ते पाचव्या शतकातल्या बिशपाकडून.

बाराशेच्या शतकात, १२४४ मध्ये, इटलीतल्या तपस्व्यांचे गट एकत्र येऊन त्याच्या नियमावर ऑगस्टिनियन संघ उभा राहिला. १२९८ मध्ये पोपने त्याला अँब्रोज, जेरोम आणि ग्रेगरी यांच्यासह चर्चचा आचार्य म्हणून मान दिला. मार्टिन लूथर याच संघाचा संन्यासी. कृपेबद्दलचे त्याचे बंड ऑगस्टीन वाचूनच पेटले. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम काढणारा मेंडेल ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे याच संघाचे.

गोव्याच्या मठाची एक गोष्ट अलीकडची आहे. १६०२ पासून इथले संन्यासी इराणला जात. १६२४ मध्ये शाह अब्बासने जॉर्जियाची राणी केतेवान हिला धर्म सोडत नाही म्हणून शिराझमध्ये हाल करून मारले. तिच्या अस्थींचा काही भाग या संन्याशांनी १६२७ मध्ये गोव्यात आणून मठात ठेवला. पोर्तुगीज कागदपत्रांत जागेचे वर्णन होते. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने डीएनए तपासला. तो वंश भारतातल्या नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा भाग जॉर्जियाला दिला. धर्म सोडला नाही म्हणून एका राणीने शिराझमध्ये मरण पत्करले आणि तिच्या अस्थींना आश्रय मिळाला तो इन्क्विझिशनच्या गोव्यात. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, त्याला सरळ करायला जाऊ नये.

टेकडीवर काय सांगावे

४३० च्या उन्हाळ्यात व्हँडल फौजांनी हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टीन पंचाहत्तरीचा, तापाने अंथरुणाला खिळलेला. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत पडून राहिला. २८ ऑगस्टला तो गेला. शहर पुढे पडले. त्याचा शिष्य पॉसिदियुस सांगतो की त्याने मृत्युपत्र केले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते. फक्त चर्चचे ग्रंथालय नीट जपा एवढे सांगितले. ग्रंथालय वाचले.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेक जण पाहुण्यांना जुने गोवे दाखवायला नेतात. जांभा, चुना, ४६ मीटर, १६०२, १९३१ हे सांगाच. त्याबरोबर एवढे जरूर सांगा की, हा माणूस आफ्रिकेचा होता. समोर आहे ते त्याच्या आईचे घर. त्याने ग्रहणाच्या गणितावर विश्वास ठेवून एक पंथ सोडला. त्याने सक्तीला होकार दिला आणि त्या होकाराची किंमत त्याला न पाहिलेल्या लोकांनी पुढे मोजली. आणि साम्राज्य म्हणजे देवाचे नगर नव्हे हेही त्यानेच लिहिले. भक्ताने यातला मधला भाग गाळू नये आणि टीकाकाराने शेवटचा. जमल्यास २७ किंवा २८ ऑगस्टला जा. पाऊस असतो, जांभ्यावर शेवाळ असते, पायऱ्या निसरड्या असतात. जपून चढा.